मुशीच्या तेलासाठी कोचीपर्यंत

गाडी येईपर्यंत दाजींनी द्राक्षांच्या पेटीची सुतळी सोडून पुन्हा बांधली. मग ती मनासारखी बसली नाही म्हणून आणखी एकदा. नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर फेब्रुवारीतली सकाळ होती, अंगावर शाल बरी वाटत होती, आणि माझी थोरली बहीण गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची काठी टेकत आम्हाला निरोप द्यायला आली होती. "कोचीला द्राक्षं मिळत नाहीत का?" मी विचारलं. दाजी म्हणाले, "मिळत असतील. आपली नाय मिळत."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहणार विंचूर, चार एकर द्राक्षबाग, आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना. आजूबाजूच्या वायनऱ्यांतून द्राक्षांचा चोथा निघतो, त्यातल्या बिया वाळवून दाजी तेल काढतात. ते तेल क्रीम बनवणाऱ्या कंपन्या घेतात. मी आयुष्यभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकुनी केली, आता निवृत्त आहे. ताईला प्रवास झेपणार नव्हता, दाजींना एकट्यानं जायचं नव्हतं, म्हणून मेव्हणीची वर्णी लागली. दाजी आणि मेव्हणी एकत्र प्रवासाला निघाले की थट्टेला तोटा नसतो. आमचीही फलाटावरच सुरू झाली होती.

कोचीच्या एका व्यापाऱ्यानं दाजींना मुशीच्या तेलाचं सुचवलं होतं. मुशी म्हणजे लहान शार्क. समुद्रात फार खोल, उजेड पोचत नाही तिथे राहणारी तिची एक जात आहे. तिच्या यकृतात तेलच तेल असतं आणि त्याला जगभर मागणी आहे. कच्चं तेल त्यानं पाठवायचं, दाजींनी विंचूरला शुद्ध करून द्यायचं. माल बघून होकार द्यायला आम्ही निघालो होतो. आणि योगायोग असा, की माझी भाची, म्हणजे दाजींची एकुलती एक मुलगी पल्लवी, कोचीलाच एका संशोधन संस्थेत ह्याच खोल पाण्यातल्या माशांचा अभ्यास करते.

गाडी दिसायला लागली तशी ताईनं मला बाजूला घेतलं. "तेलाचं निमित्त आहे गं. ह्यांनी कारखान्यात तिच्यासाठी खोली बांधलीय. ओटा, नळ, सगळं. तेल आलं की तपासायला माणूस लागणार, तो माणूस म्हणजे पल्लवी. तिला घरी आणायचंय त्यांना." मग थोडं थांबून म्हणाली, "मलाही."

कसाऱ्याचा घाट उतरल्यावर शाली पिशवीत गेल्या. पनवेलच्या पुढे कोकण लागलं आणि बोगदे सुरू झाले. दाजींनी पेटी सीटखाली न ठेवता पायांत धरून ठेवली होती. समोर एक मल्याळी बाई बसली होती. नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स, नाव लिसी. आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायची. दाजींनी दर स्टेशनाला पेटीतून एकेक घड काढून डबाभर वाटायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, "काका, मुलीसाठी काहीतरी ठेवा."

"तिच्यासाठी अख्खी बाग ठेवलीय," दाजी म्हणाले. "ती येईना."

लिसी हसली. तिचे वडील तिच्याबद्दल गावात हेच सांगतात, म्हणाली. त्यांनी रबराची झाडं ठेवली आहेत.

ताईनं दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा कारवारपर्यंत पुरला. संध्याकाळी उजव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसे, पाण्यावर तांबूस उजेड, आणि मग लगेच डोंगर त्याला झाकून टाके. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सगळीकडे नारळ आणि पाणी होतं. आमच्या निफाड तालुक्यात जमीन दिसते तशी इथे हिरवळ दिसते, मातीला शोधावं लागतं. दाजींनी खिडकीतून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढं पाणी हाय तर लोकं करतात काय त्याचं?" एर्नाकुलमला उतरलो तर हवा अंगाला चिकटली.

पल्लवी फलाटावर होती. केस कापलेले, रंग रापलेला, पायात रबरी चपला. दाजींनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि पेटी तिच्या हातात दिली. बापलेक दोघांचंही असंच आहे, काही वाटलं की हातातली वस्तू पुढे करतात. तिनं पेटी उघडून एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, "आप्पा, साखर चांगली भरलीय." एवढ्यावर दाजींचा सगळा शीण गेला असावा, कारण रिक्षावाल्याशी त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

तिची जागा म्हणजे खाडीच्या काठावर एका म्हाताऱ्या बाईच्या घराचा वरचा मजला. खिडकीतून चिनी जाळी दिसत होती, चार वाकलेल्या बांबूंना बांधलेलं मोठं जाळं, दोऱ्या ओढून पाण्यातून वर काढायचं. घरमालकीण अम्मांनी आमच्यासाठी कप्पा (उकडलेला टॅपिओका, ज्याचा आपण साबुदाणा करतो) आणि मीन करी (माशाची आमटी) पाठवली. दाजी मटणाचे पक्के, पण माशाशी त्यांचं कधी जमलं नाही. त्यांनी एक घास घेतला, काटा लागला, आणि पुढचा अर्धा तास ते कप्प्याचे गोळे गिळत घसा मोकळा करत होते. "उपासाचा पदार्थ माशाबरोबर खातात ही माणसं," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हणून काटा लागला." अम्मा दारात उभ्या राहून काळजीनं बघत होत्या. मी हसू दाबायला खिडकीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पल्लवी आम्हाला मासळीबंदरावर घेऊन गेली. बर्फाचं वितळलेलं पाणी, डिझेलचा वास, लिलाव पुकारणाऱ्याचा एकसुरी आवाज, आणि त्या ओल्या फरशीवर ओळीनं मांडलेल्या मुश्या. करड्या रंगाच्या, साधारण हातभर ते पुरुषाच्या कमरेपर्यंत येतील एवढ्या. पाठीवर दोन पंख, प्रत्येक पंखाच्या पुढे एक टोकदार काटा. डोळे मात्र मी कधी विसरणार नाही. केवढे तरी मोठे, हिरवे, काचेसारखे. "खाली अंधार असतो ना मावशी," पल्लवी म्हणाली, "आहे तेवढा उजेड गोळा करायला." मला त्या डोळ्यांकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना. मग मी पाय घसरून बसले. फरशी इतकी बुळबुळीत होती की उठवायला दोघीजणी धावल्या.

पल्लवीनं टेप काढली आणि कामाला लागली. लिलाव होण्याआधी प्रत्येकीची लांबी, नर की मादी, पोटात पिल्लू आहे का. कोळी लोक तिच्यासाठी वाट करून देत होते, एक म्हातारा तर तिच्यासाठी मुश्या सरळ करून ठेवत होता. बापाला हे दिसावं असं मला वाटत होतं, पण दाजी भलतीकडेच होते. व्यापारी आला होता. जोसेफ नावाचा, गोरागोमटा, सोनेरी चष्मा, हिंदी बऱ्यापैकी. त्यानं एका मादीचं पोट चिरून यकृत बाहेर काढून दाखवलं. पिवळट पांढरं, मऊ, जवळजवळ अख्खं पोट व्यापणारं. इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते म्हणून ही मुशी ह्या तेलावर तरंगते, हे मला पल्लवीनं नंतर सांगितलं. दाजींनी बोटावर तेल घेतलं, चोळलं, वास घेतला.

"माल हर साल मिलेगा?" त्यांनी विचारलं.

"हर साल. पिछले साल से इस साल ज़्यादा है," जोसेफ म्हणाला. "आप चिंता मत करो."

दाजींचा चेहरा खुलला. त्या दिवशी दुपारी त्यांनी पुट्टू (तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं नळकांडं) केळ्याबरोबर कुस्करून खाल्लं आणि छान आहे म्हणाले. ते खूश आहेत हे मला त्यावरून कळलं.

जेवण झाल्यावर पल्लवी म्हणाली, "आप्पा, माझी प्रयोगशाळा बघायची?"

तिनं एक मादी विकत घेऊन बर्फात ठेवली होती. टेबलावर ठेवून तिनं पात्यानं पोट उघडलं. यकृत बाजूला केल्यावर आत एक पिल्लू निघालं. पूर्ण घडलेलं, आईसारखंच, तेच हिरवे डोळे, पोटाला अजून बलकाची पिशवी चिकटलेली. मी तोंडावर पदर घेतला. दाजी पुढे वाकले. इथे मला एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीआधी काडी तपासायला देतात. काडीवरचा डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड धरलाय की नुसतीच वेल आहे. त्यावरून छाटणी कुठे घ्यायची ते ठरतं. दाजींनी आयुष्यभर ते केलंय, त्यामुळे चिरून आत बघण्याचं त्यांना काही नवल नव्हतं.

"किती घड?" त्यांनी विचारलं.

"एक."

"ह्या काडीला एक. दुसऱ्या मादीला?"

"एक. कधीतरी दोन."

"आणि किती महिन्यांत?"

"महिन्यांत नाही आप्पा. पिल्लू पोटात दोनएक वर्षं राहत असावं, आम्हाला नक्की माहीत नाही. इतक्या खोल कोण बघतंय? मग थोडी विश्रांती, मग पुढचं."

दाजी मान हलवत राहिले. पल्लवीनं पाठीवरच्या काट्याचा एक पातळ काप काचेवर ठेवून त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खूप खटपट केल्यावर त्यांना दिसलं. "कांद्याच्या पापुद्र्यासारखं हाय," ते म्हणाले. पापुद्र्यांवरून वय कळतं, पल्लवीनं सांगितलं. आपल्या गावातली मुलगी लग्नाची होते तेवढी वर्षं ह्या मुशीला पहिल्यांदा आई व्हायला लागतात. आणि गळाला लागतात त्या बहुतेक मोठ्या माद्या, कारण मोठ्या मुश्यांचंच यकृत मोठं. दर मोसमात तिच्या टेपखाली मोठ्या माद्या कमी कमी येत होत्या.

"पण तो म्हणतो माल वाढलाय," दाजी म्हणाले.

"बोटी वाढल्यात."

"तसं कसं. बागेत घड कमी लागला तर माल वाढंल का? काय तरी बोलती." मग ते खुर्चीत मागे टेकले आणि जे बोलायला आले होते ते बोलून टाकलं. खोली बांधलीय. पांढऱ्या फरश्या लावल्यात. खिडकी बागेच्या बाजूला काढलीय. "तुझ्यासाठीच सगळं. तुला मासेच बघायचे ना? तेल बघ त्यांचं. आईचा गुडघा असा. मी काय सारखा राहणार हाय का?"

पल्लवीनं पाती पुसून डब्यात ठेवली. "आप्पा, तुम्ही म्हणालात ये, तर मी येईन," ती म्हणाली. "वाद नाही घालणार. आईसाठी, तुमच्यासाठी येईन. पण मग तिथे बसून मी काय तपासायचं? संपत चाललेल्या मालाची शुद्धता?"

मला दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही कीव आली. बाप मुलीला घरी बोलवत होता, त्यात वावगं काय? आणि मुलगी नाही म्हणत नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. दाजी उठले, "बघू," म्हणाले आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. ते 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं. जोसेफला होकार कळवायचा, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून समजलं.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीनं खाडीच्या पलीकडे गेलो. पाणी संथ होतं, मोठाली जहाजं उभी होती, आणि तिकिटाच्या मानानं हा प्रवास फारच सुंदर आहे असं माझं मत झालं. तिथल्या एका मशिदीच्या मागच्या गल्लीत सुंठ आणि मिऱ्यांचा वास सुटला होता. दाजींनी तिथे ताईसाठी मिरी घेतली आणि वास घेत घेत म्हणाले, "आता निघायच्या आधी बोटवाल्यांनाही भेटू. ज्याच्याकडून माल यायचाय त्याच्या घरी एक चहा प्यायला पाहिजे." ही आमच्याकडची रीत आहे. द्राक्षाचा व्यापारी बाग बघायला आला की आधी शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा पितो, मग बाग किती वर्षांची, पाणी कुठून, खत कोणतं, अशी चौकशी करतो, आणि मग भावाला हात घालतो. चहाशिवाय सौदा म्हणजे दाजींना चोरीसारखं वाटतं.

पल्लवीनं आम्हाला अँटनीच्या बोटीवर नेलं. अँटनी तिथला स्रांक (बोटीचा तांडेल). पन्नाशीचा, दाट मिशा, गुजरातच्या किनाऱ्यावर काम केल्यामुळे कामापुरती हिंदी बोलणारा. बोट धक्क्याला बांधलेली होती, वर गळांच्या दोऱ्यांची वेटोळी वाळत होती. त्यानं खुशीनं आम्हाला केबिनमध्ये बसवलं आणि काळी चाया (चहा) दिली, दुधाशिवाय, काचेच्या पेल्यात. दाजींनी राहिलेले द्राक्षांचे घड त्याच्यापुढे ठेवले. ओळख झाली, कुटुंबाची चौकशी झाली. अँटनीची एक मुलगी अबूधाबीत आहे. मग दाजी मुद्द्यावर आले.

"आपका बाग कितने साल का?"

अँटनीला कळेना. पल्लवीला हसू आलं. दाजी म्हणाले, "म्हणजे ती जागा गं. मुशी मिळती ती जागा किती वर्षांची? सांग त्याला."

पल्लवीनं मल्याळममध्ये सांगितलं. अँटनीनं केबिनमधला जीपीएसचा पडदा चालू केला. त्यावर समुद्राचा नकाशा उमटला आणि त्यावर खुणांचे ठिपके. त्यानं बोट ठेवलं. "पहला साल, इधर." बोट किनाऱ्याजवळ होतं. "फिर इधर. फिर इधर, नीचे." बोट दक्षिणेकडे सरकलं. "अभी इधर. चार दिन जाना, चार दिन आना. बहुत माल."

दाजींनी चष्मा वर केला. पडद्याजवळ गेले. "और ये पहलेवाला? यहाँ अभी क्या मिलता?"

"उधर?" अँटनीनं खांदे उडवले. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं आणि लपवाछपवीही नव्हती. "उधर पानी है."

दाजींनी पेला बाजूला ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं, ह्या दुसऱ्या ठिपक्याचं काय, तिसऱ्याचं काय, आणि अँटनीनं प्रत्येक वेळी तसेच खांदे उडवले. मग त्यानं चांगुलपणानं समजावलं की काळजी करू नका, समुद्र मोठा आहे, पुढच्या वर्षी आणखी खाली जाऊ. डिझेल जास्त लागेल, एवढंच.

बोटीवरून उतरल्यावर दाजी धक्क्यावर दोरखंडाच्या ढिगावर बसले. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून पाणी दिलं.

"शैला," ते म्हणाले, "मी इचारलं, दरवर्षी मिळतं का. तो हो म्हणला. खोटं नाय बोलला."

"मग?"

"कुठं मिळतं ते इचारलंच नाय. आपली बाग हाय तिथंच राहती. तीच वेल, तीच मुळी, दोनदा छाटायची, दरसाल घड. मला वाटलं ह्यांची बी तशीच. ही तर बाग उपटून पुढं चाललीत, अन् मी म्हणतोय माल वाढला." त्यांनी मान हलवली. "लेकीनं कालच सांगितलं होतं. मी तिलाच म्हणलं, काय तरी बोलती."

पल्लवी थोडी दूर उभी होती. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. ती पाण्याकडे बघत होती. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते मला ओळखता आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

जोसेफची भेट संध्याकाळी त्याच्या ऑफिसात ठरली होती. त्यानं नारळपाणी मागवलं. दाजींनी ते पूर्ण प्यायलं, त्याच्या मुलांची चौकशी केली, आणि मग हात जोडून म्हणाले, "हमसे नहीं होगा." जोसेफनं कारण विचारलं. भाव कमी वाटतो का? मशीन लागेल का? दाजी म्हणाले, भाव चांगला आहे, मशीन आहे, पण माल तयार व्हायला वेळ लागतो. जोसेफला हे समजलं नसावं. तो सभ्यपणे हसला आणि म्हणाला की हरकत नाही, गुजरातमधली एक पार्टी तयारच आहे. ते तेल कुठेतरी जाईलच, ह्यात मला शंका नाही. आमच्या नकारानं एकाही मुशीचं आयुष्य वाढलं नसेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परत आल्यावर भिशीत मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळ्या बायकांनी दाजींनी समुद्र वाचवला असा अर्थ घेतला.

जिन्यावरून उतरताना पल्लवी मागे राहिली. तिनं बापाचा सदरा मागून पकडला, लहानपणी बाजारात पकडायची तसा. "आप्पा, मग खोली?"

"खोली काय, बियांच्या गोण्यांना जागा लागतीच," दाजी म्हणाले.

"मी येऊ का? तेल नसलं तरी. तुम्ही सांगा."

दाजी एक पायरी खाली उभे होते, त्यामुळे दोघांची उंची सारखी झाली होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. माझ्या मनात मी म्हणून टाकलंही होतं, ये बाई, सोड ते मासे, ताई वाट बघतेय. दाजी म्हणाले, "उद्या सकाळी बंदरावर तुझं काम किती वाजता असतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची टेप धरली. टेपेचं एक टोक मुशीच्या नाकाशी दाजींनी धरायचं, दुसरं शेपटीशी पल्लवीनं, आणि आकडा तिनं सांगायचा. काही कोळी हसत होते. लिलाव सुरू होईपर्यंत ते वाकून काम करत होते. पोटात पिल्लू असलेली एक मादी आली तेव्हा दाजींनी तिच्या अंगावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. खरखरीत लागलं, म्हणाले. मी ह्या वेळी भिंतीला धरून उभी होते, पडायचं नाही असं ठरवून.

परतीच्या गाडीत द्राक्षांची पेटी नव्हती, तिच्या जागी अम्मांनी दिलेला केळ्याच्या वेफर्सचा मोठा पुडा होता. खोबरेल तेलात तळलेले. दाजी जाताना ज्या वासाला नाक मुरडत होते तेच वेफर्स आता मुठीनं खात होते. गोवा गेला, रत्नागिरीच्या बाजूचे बोगदे गेले. इतकी वर्षं मला वाटायचं की पल्लवी आमच्यापासून दूर गेली. त्या गाडीत मला पहिल्यांदा तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं. समुद्रात इतक्या खाली कुणीतरी वर्षानुवर्षं हळूहळू वाढतंय, एकच लेकरू पोटात घेऊन, आणि त्याची दखल घेणारी दोन-चार माणसं, त्यातली एक आमची. हे काम कुणीतरी करायला हवं हे खरं. ते आमच्याच घरातल्या मुलीनं करावं, हे पचायला मला कसाऱ्याच्या घाटापर्यंतचा प्रवास लागला. दाजींनी काय विचार केला ते त्यांनी सांगितलं नाही. ते बहुतेक वेळ झोपल्यासारखे डोळे मिटून होते.

नाशिकरोडला ताई आली होती. काठी टेकत, नको म्हटलं असताना. गाडी थांबली तेव्हा ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या मागे दारातून आणखी कोण उतरतंय ते बघत होती. सगळे उतरून झाले, हमाल पुढे गेले, तरी बघत होती.

"नाही आली?" तिनं विचारलं.

"नाय," दाजी म्हणाले.

ताईचे डोळे भरले. "तेल राहू द्या हो. पोरगी तरी आणायची. तुमच्या शब्दाबाहेर नव्हती ती. ये म्हटलं असतं तर आली असती."

दाजींनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "आली असती," ते म्हणाले. "म्हणूनच ये म्हणलो नाय."